डेब्यूसीचं चांदणं आणि व्हर्लेनचे मुखवटे

'शांत झोपेसाठी', 'अभ्यासाला बसताना', 'पावसाळी संध्याकाळ' अशा नावांच्या याद्या कुठल्याही गाण्यांच्या ॲपवर उघडून पाहा. पियानोचा पाचेक मिनिटांचा एक तुकडा त्यांत हमखास सापडतो. नाव 'क्लेर द ल्यून', म्हणजे चांदणं. रचनाकार क्लोद डेब्यूसी, फ्रेंच, जन्म १८६२, मृत्यू १९१८. हा तुकडा वापरून वापरून इतका गुळगुळीत झालाय की नाव माहीत नसलं तरी कानावरून गेलेला असतोच. पण गाणं मनापासून ऐकणाऱ्यांना त्याच्याबद्दल विचारा, उत्तर साधारण एकच येतं: छान आहे, पण हाती काही लागत नाही. मुखडा कुठला, समेवर यायचं कुठे, संपलं कधी, काही पत्ता नाही.

माहिती शोधायला जावं तर पहिल्याच वाक्यात 'इम्प्रेशनिस्ट संगीतकार' असा शिक्का. पाठोपाठ त्या पंथाचा चित्रकार मोने, त्याची कमळं, धुकं, पाण्यावरचे कवडसे. ते वाचून होतं आणि संगीत होतं तिथेच राहतं. मला विचाराल तर डेब्यूसी समजून घ्यायला चित्रांच्या दालनापेक्षा कवितेच्या पुस्तकाकडून गेलेलं बरं. बोदलेअर, व्हर्लेन, मालार्मे या फ्रेंच कवींची नावं लघुनियतकालिकांच्या काळापासून मराठी कवितेच्या चर्चेत येत आली आहेत. डेब्यूसीने आपली विद्या घेतली ती बरीचशी या तिघांकडून.

चांदण्यात नाचतंय कोण?

पोल व्हर्लेनने १८६९ साली 'फेत गालांत' हा छोटा कवितासंग्रह काढला. विषय अठराव्या शतकातल्या उमराव मंडळींचा: बागेतल्या मेजवान्या, सोंगं, मुखवटे, लाडीगोडी. त्यातली पहिलीच कविता 'क्लेर द ल्यून'. कवी समोरच्या व्यक्तीला सांगतो की तुमचं मन म्हणजे एक निवडक देखावा आहे. त्यात मुखवटे चढवलेली माणसं ल्यूट हे तंतुवाद्य वाजवत, नाचत हिंडतायत, आणि त्या चित्रविचित्र सोंगांखाली ती जवळजवळ उदास आहेत. प्रेमाचा विजय असो, आयुष्य मजेचं आहे, असं ती गातात, पण गातात मायनरमध्ये. (मायनर म्हणजे कोमल गंधाराची स्वररचना, पाश्चात्त्य कानाला ती ढोबळमानाने दुःखी वाटते.) स्वतःच्या सुखावर त्यांचा विश्वास बसलेला दिसत नाही. शेवटी त्यांचं गाणं चांदण्यात मिसळून जातं, आणि संगमरवरी पुतळ्यांमधली उंच, सडपातळ कारंजी हुंदके देत राहतात.

झोपेच्या यादीत जाऊन बसलेल्या तुकड्याच्या मुळाशी ही मंडळी आहेत.

डेब्यूसीने ही कविता दोनदा गळ्यासाठी बांधली. एकदा १८८२ मध्ये, विशीत, आणि पुन्हा १८९१ मध्ये. पियानोचा तुकडा या दोन्हींहून वेगळा. तो 'स्वीट बर्गामास्क' नावाच्या चार तुकड्यांच्या मालिकेतला तिसरा. ही मालिका १८९० च्या सुमारास लिहायला घेतली आणि छापली १९०५ साली, मधल्या काळात बरीच डागडुजी करून. मालिकेच्या नावातला 'बर्गामास्क' व्हर्लेनच्या त्याच कवितेतल्या दुसऱ्या ओळीतून उचललेला आहे. तिसऱ्या तुकड्याचं आधीचं नाव वेगळं होतं, पण तेही व्हर्लेनच्याच दुसऱ्या एका कवितेचं.

आता सुरुवात ऐका. तुकडा डी फ्लॅट या स्वरावर उभा आहे. तोच आपला सा धरू. पहिल्यांदा जे दोन स्वर एकत्र वाजतात ते आहेत ग आणि प. खालचा सा नाही. घर कुठे आहे ते कान ओळखतो, पण पाय टेकायला जमीन अजून मिळालेली नसते. तालही तसाच. गणती नऊची, तीन-तीनचे तीन गट. पण थोडं पुढे गेलं की तीनच्या जागेत दोनच स्वर बसवलेले, त्यामुळे ठेका धरायला गेलं की बोट चुकतं. आणि गंमत म्हणजे कवितेतली माणसं मायनरमध्ये गातात, तर डेब्यूसीचा तुकडा शुद्ध गंधाराचा, मेजर. माझ्या कानाला हेच व्हर्लेनच्या जास्त जवळचं वाटतं: वरून आनंदी, आत कुठेतरी न टेकलेलं. मायनर लावलं असतं तर मुखवटाच उतरला असता.

इथे एक किस्सा सांगायलाच हवा. डेब्यूसीला लहानपणी पियानो शिकवला मादाम मोते या बाईंनी. त्या व्हर्लेनच्या सासूबाई. १८७१ मध्ये पॅरिस कम्यूनचा उठाव चिरडला गेला, त्यात भाग घेतला म्हणून डेब्यूसीचे वडील तुरुंगात पडले. तिथे त्यांची मादाम मोतेंच्या मुलाशी ओळख झाली आणि शिकवणी ठरली. त्याच सुमारास व्हर्लेन बायकोसह सासुरवाडीलाच राहत होता, आणि त्या सप्टेंबरात रँबो नावाचा सोळा वर्षांचा वादळी कवी पोरगा त्याच घरी येऊन थडकला. नऊ वर्षांच्या डेब्यूसीला कवितेत काय कळणार, तेव्हा योगायोगाचा फार बाऊ करू नये. पण योगायोग झकास आहे.

न सांगता सांगायचं

या कवींना प्रतीकवादी म्हणतात. व्याख्या एका वाक्यात होते: वस्तूचं किंवा भावनेचं थेट वर्णन न करता ती सुचवायची. मालार्मेने १८९१ मध्ये एका मुलाखतीत हे फार नेमकं सांगितलं. वस्तूचं नाव घेतलं की कवितेतला तीन चतुर्थांश आनंद गेला, कारण तो आनंद हळूहळू ओळखण्यात असतो. व्हर्लेननेही कविता कशी लिहावी यावरच्या कवितेत पहिल्या ओळीत बजावलंय: सगळ्याच्या आधी संगीत. पुढे तो म्हणतो, ठळक रंग नको, छटा हवी. आणि ओळीत अक्षरं सम नकोत, विषम हवीत, म्हणजे ओळ हवेत विरघळते.

म्हणजे कवींना संगीतासारखं व्हायचं होतं, आणि हा संगीतकार त्यांच्याकडून ते शिकायला निघालेला. उफराटा प्रकार वाटेल. पण त्या काळातलं संगीत पाहिलं की कारण कळतं. १८८० च्या दशकात पॅरिसवर जर्मन संगीतकार वॅग्नरची भुरळ होती. वॅग्नरच्या ऑपेरात पात्राला, वस्तूला, कल्पनेला आपापली ठरावीक धून. रंगमंचावर जे दिसतंय ते वाद्यवृंदही सांगतो, वर ठासून सांगतो. डेब्यूसी १८८८ आणि १८८९ अशी दोन वर्षं जर्मनीतल्या बायरॉइटला जाऊन वॅग्नर ऐकून आला. भारावला, मग हळूहळू दूर झाला. १८८९ मध्ये आपल्या जुन्या शिक्षकांशी बोलताना त्याने सांगितलं, मला असा कवी हवा जो गोष्टी अर्ध्याच सांगेल, म्हणजे त्याच्या स्वप्नावर मला माझं स्वप्न कलम करता येईल.

त्याचं पुढचं जवळजवळ सगळं काम या एका अपेक्षेतून उलगडत जातं.

अर्धं सांगणं स्वरांत कसं जमवायचं?

पाश्चात्त्य संगीतात तीन-चार स्वर एकदम वाजवले की त्याला कॉर्ड म्हणतात. काही कॉर्ड निवांत असतात, काही ताणलेल्या. डेब्यूसीच्या आधीची दोनशे वर्षं या संगीताचा कारभार एका तत्त्वावर चालायचा: ताणलेली कॉर्ड आली की तिने निवांत कॉर्डवर, म्हणजे सा च्या घरी परतायचं. आपण समेची वाट पाहतो तशी तिथला श्रोता या घरवापसीची वाट पाहतो.

डेब्यूसी ताणलेली कॉर्ड वाजवतो आणि तिला घरी पाठवतच नाही. निघतो निघतो म्हणणारा पाहुणा चपला घालून दारातच अर्धा तास गप्पा मारतो, तसा त्याच्या कॉर्डचा मुक्काम उंबरठ्यावर. मग ती कॉर्ड शेजारच्या तशाच दुसऱ्या कॉर्डवर सरकते, तिथून तिसरीवर. पुढे काय येणार हा प्रश्न मागे पडतो आणि आत्ता वाजतंय ते कसं वाजतंय याकडे कान लागतो. मालार्मेची वाक्यंही अशीच. कर्ता इथे, क्रियापद चार ओळींनी पुढे, मध्ये कंसात एक अख्खं स्वप्न. वाक्याचा अर्थ लागेपर्यंत वाचक एकेका शब्दाशी रेंगाळतो.

दुसरी युक्ती आपल्याला विशेष कळेल अशी आहे. सा, शुद्ध रे, शुद्ध ग, तीव्र म, कोमल ध, कोमल नी, असे सहा स्वर घ्या. शेजारच्या दोन स्वरांतलं अंतर सगळीकडे सारखं. शुद्ध मध्यम नाही आणि पंचमही नाही, म्हणजे सा ला टेकू देणारे दोन्ही स्वर गायब. पेटीवर वाजवून बघा: कुठूनही सुरुवात करा, सा कुठला ते ठरवताच येत नाही. याला 'होल टोन' स्वरसप्तक म्हणतात, सप्तक म्हटलं तरी स्वर सहाच. डेब्यूसीचा 'व्वाल' नावाचा पियानोचा तुकडा जवळजवळ पूर्ण याच सहा स्वरांत आहे. मध्येच काही क्षण भूपासारखे पाच स्वर येतात आणि खिडकी उघडल्यागत वाटतं.

बासरीवरची दुपार

आता सगळ्यात महत्त्वाची कलाकृती. मालार्मेची 'लाप्रे-मिदी दं फोन', म्हणजे फॉनची दुपार, १८७६ मध्ये माने या चित्रकाराच्या चित्रांसह छापली गेली. फॉन म्हणजे रोमन पुराणातला अर्धा माणूस, अर्धा बोकड असा रानदेव. स्थळ सिसिली. भर दुपारी तो जागा होतो आणि पेचात पडतो: मघाशी ज्या दोन वनपऱ्या पकडल्या होत्या त्या खऱ्या, की स्वप्न? तो आठवू पाहतो, वेळूची बासरी वाजवतो, आठवणीला पदरचं जोडतो, त्याचीच त्याला धुंदी चढते. उत्तर मिळायच्या आत पुन्हा झोप. ११० ओळींत घडतं एवढंच, आणि हेही खरंच घडलं की नाही याची खात्री कवी देत नाही.

डेब्यूसीने त्यावर वाद्यवृंदासाठी साधारण दहा मिनिटांची रचना केली. २२ डिसेंबर १८९४ रोजी पॅरिसमध्ये ती पहिल्यांदा वाजली आणि लोकांनी तिथल्या तिथे पुन्हा वाजवायला लावली. वाद्यवृंदात ट्रंपेट नाहीत, ट्रॉम्बोन नाहीत, नगारे नाहीत. दोन हार्प आहेत आणि शेवटी किणकिणणाऱ्या दोन चिमुकल्या झांजा.

सुरुवात एकट्या बासरीने. तिचा पहिला सूर सी शार्प, बासरीची जवळजवळ सगळी भोकं मोकळी ठेवून निघणारा. त्यामुळे तो थोडा पोकळ, श्वासाने भरलेला येतो. हा सूर तार सा समजा. तिथून बासरी बहुतेक अर्ध्या-अर्ध्या सुराने घसरत तीव्र मध्यमापर्यंत उतरते आणि परत वर येते. मग तेच पुन्हा. अजून ना ताल कळलाय, ना खरा सा. हार्पची एक लहर, हॉर्नची हाक, आणि मग स्वरलिपीतला एक अख्खा खंड नुसती शांतता.

यानंतर जे होतं ते मला या रचनेतलं सगळ्यात देखणं वाटतं. बासरी तीच धून त्याच सी शार्पवरून पुन्हा घेते, पण आता खाली वाद्यवृंद आहे आणि त्याची कॉर्ड दुसऱ्याच स्वरावर उभी आहे. तिच्या हिशेबाने आपला मघाचा सूर आता शुद्ध निषाद ठरतो. तिसऱ्यांदा धून येते तेव्हा खालची कॉर्ड आणखी बदललेली, तोच सूर शुद्ध धैवत होतो. तंबोऱ्याचा सा अढळ आणि त्यावर सूर फिरतो, अशी आपल्या कानाची सवय. इथे सूर जागचा हलत नाही, खालची जमीन फिरते. फॉन एकच आठवण घोळवतो आणि दर वेळी तिचा अर्थ बदलतो, तो हा असा. डेब्यूसीने कवितेतला एकही शब्द घेतला नाही, घेतली ती फॉनच्या मनाची चाल.

कवितेचं संगीत तिच्या शब्दांतच असतं अशी मालार्मेची ठाम समजूत. त्यामुळे त्याला हे कितपत रुचेल ही धाकधूक असणारच. डेब्यूसीने नंतर एका पत्रात सांगितलंय की ऐकून मालार्मे बराच वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, अशा काहीची मला अपेक्षा नव्हती. हे संगीत माझ्या कवितेची भावना पुढे नेतं.

कविता ११० ओळींची आणि रचनाही बरोबर ११० खंडांची, हे अनेक जण मोठ्या कौतुकाने सांगतात. आकडे खरे आहेत. पण ओळीला खंड असा हिशेब मांडत ऐकू नये. हे कवितेचं अगदी मोकळं चित्रण आहे, असंच त्या कार्यक्रमाच्या टिपणात म्हटलं होतं.

मग इम्प्रेशनिस्ट का म्हणायचं?

मूळ शब्दच शिवीसारखा आला. मोनेचं १८७२ चं सूर्योदयाचं चित्र १८७४ च्या प्रदर्शनात लागलं, त्याच्या नावातला 'इम्प्रेशन' उचलून एका समीक्षकाने सगळ्या गटाची टर उडवली. डेब्यूसीला हा शब्द चिकटला तोही असाच. शिष्यवृत्तीवर रोममध्ये असताना पाठवलेल्या 'प्रँतां' या रचनेवर १८८७ मध्ये कला अकादमीने ताशेरा मारला की या संदिग्ध इम्प्रेशनिझमपासून सांभाळा. पुढे १९०८ मध्ये त्याने आपल्या प्रकाशकाला लिहिलं की मी काहीतरी वेगळं करू पाहतोय, त्याला मूर्ख लोक इम्प्रेशनिझम म्हणतात.

तरी चित्रांशी त्याचं नातंच नव्हतं असं म्हणणं दुसरं टोक झालं. 'ला मेर', म्हणजे समुद्र, या रचनेच्या १९०५ च्या मुखपृष्ठावर त्याने जपानी चित्रकार होकुसाईची प्रसिद्ध लाट छापून घेतली होती. शिक्का पूर्ण खोटा नाही, पण त्याने ऐकणाऱ्याचं नुकसान होतं. इम्प्रेशनिस्ट म्हटलं की धूसर काहीतरी अपेक्षित धरलं जातं, आणि डेब्यूसीची स्वरलिपी तर कमालीची काटेकोर. किती हळू, किती दाबून, कुठे श्वास, सगळं लिहिलेलं. संदिग्ध वाटतं ते मोजूनमापून घडवलेलं असतं.

पण आम्हाला फ्रेंच येत नाही

ही अडचण खरी आहे, विशेषतः त्याच्या गाण्यांबाबत. त्यांची संख्याही मोठी: बोदलेअरच्या पाच कविता, व्हर्लेनच्या कितीतरी, पंधराव्या शतकातल्या व्हियोंच्या तीन, मालार्मेच्या तीन. (या शेवटच्या तिनांची गंमत अशी की १९१३ साली राव्हेल हा दुसरा फ्रेंच संगीतकारही मालार्मेच्या तीन कवितांना चाली लावत होता, आणि दोघांच्या निवडीतल्या दोन कविता एकच निघाल्या. परवानगी राव्हेलने आधी मिळवलेली. डेब्यूसी वैतागला.) पिएर लुईस या त्याच्या मित्राने 'बिलितिसची गाणी' हे पुस्तक एका प्राचीन ग्रीक कवयित्रीच्या कवितांचा अनुवाद म्हणून १८९४ मध्ये छापलं, बाई पूर्ण काल्पनिक, कविता त्याच्याच. डेब्यूसीने त्यातल्या तीन घेतल्या, आणि त्या त्याच्या उत्तम गाण्यांपैकी आहेत.

भाषा न येता ऐकायचं तर एवढं ध्यानात ठेवा. फ्रेंच बोलण्यात शब्दाशब्दावर आघात नसतो, अक्षरं बऱ्यापैकी सारख्या वजनाने पडतात. डेब्यूसी गाण्यातही तेच ठेवतो. एका अक्षराला एक स्वर, ताना नाहीत, शब्द ओढून ताणून लांबवणं नाही. बोलण्याच्या काठाकाठाने गाणं चालतं. मेटरलिंक या बेल्जियन नाटककाराच्या नाटकावर केलेला 'पेलेआस ए मेलिझांद' हा ऑपेरा ३० एप्रिल १९०२ रोजी रंगमंचावर आला, तो सगळा या पद्धतीने. त्यात नायक-नायिका एकमेकांना प्रेमाची कबुली देतात, तो कुठल्याही ऑपेरातला हमखास टाळ्यांचा क्षण. वाद्यवृंदाने तिथे उसळायला हवं. डेब्यूसी तो थांबवतो. 'माझं तुझ्यावर प्रेम आहे', 'माझंही', एवढं जवळजवळ पुटपुटल्यासारखं येतं, खाली एकही वाद्य नाही. हे कळायला फ्रेंच लागत नाही.

कविता न वाचता ऐकलं तर चालेल?

चालेल, आणि डेब्यूसीची तशी इच्छाही असावी. पियानोसाठी त्याने २४ प्रेल्यूद, म्हणजे छोटे स्वतंत्र तुकडे, लिहिले, बारांचं एक पुस्तक १९१० मध्ये, दुसरं १९१३ मध्ये. प्रत्येकाला नाव आहे, पण ते वर शीर्षकाच्या जागी छापलेलं नाही. तुकडा संपल्यावर, पानाच्या तळाशी, तीन टिंबांनंतर कंसात. वाजवणाऱ्याने आधी वाजवावं, मग नाव पाहावं. नाव घेतलं की तीन चतुर्थांश आनंद गेला, हे मालार्मेचं म्हणणं इथे छपाईत उतरलंय.

पहिल्या पुस्तकातल्या चौथ्या प्रेल्यूदखाली बोदलेअरची एक ओळ आहे: संध्याकाळच्या हवेत सूर आणि सुवास गिरक्या घेतात. ही ओळ ज्या कवितेतली, तिची रचनाच गिरकीची. एका कडव्याची दुसरी आणि चौथी ओळ पुढच्या कडव्याची पहिली आणि तिसरी होऊन परत येते. डेब्यूसीने हीच कविता १८८९ मध्ये गाण्यासाठी बांधली होती, सगळ्या शब्दांसकट. एकवीस वर्षांनी तो तिच्याकडे परतला तेव्हा शब्द टाकून दिले आणि एक ओळ तेवढी तळाशी ठेवली. दोन्ही लागोपाठ ऐकून बघा, वर सांगितलेला सगळा प्रवास दहा मिनिटांत उमगेल.

आणि खुद्द डेब्यूसीला ऐकायचं असेल तर तीही सोय आहे. १९०४ मध्ये पॅरिसमध्ये मेलिझांदची भूमिका करणाऱ्या मेरी गार्डन या गायिकेबरोबर त्याने काही तबकड्या ध्वनिमुद्रित केल्या. त्यांत व्हर्लेनच्या तीन कविता आहेत आणि पियानोवर तो स्वतः. 'इल प्लर दां माँ कर' हे गाणं शोधा. गावावर पाऊस पडावा तसं मनात रडं झरतंय आणि कारण मात्र काहीच नाही, एवढाच त्याचा विषय. तबकडीची खरखर भरपूर आहे, हेडफोन लावा आणि आवाज थोडा वाढवा.